बाविसाव्या मिनिटाचं पाणी

पैज लागली ती नाथाजीच्या ओट्यावर, सकाळच्या च्याला, आन ती बी दुसऱ्याच्या दाढेवर.

"म्हातारी बोंबलणार," नाथाजी म्हणला. "खुर्चीत बसताना एकदा, सुई बघून दोनदा, आन पक्कड बघून तर पार तासगावला ऐकू जाईल असं."

"एकदा बी न्हाई," मी म्हणलो.

"केरू, मी अठरा वर्सं मिलिटरीत काढल्यात. दाताच्या डॉक्टरपुढं सहा सहा फुटी जवान आईला हाका मारताना बघितल्यात."

"ते जवान हुते गड्या. ही जाईमावशी हाय."

"मंग लाव पैज! एक आवाज जरी निघाला तरी तू हरलास."

"लागली. हरंल त्येनं काय करायचं?"

नाथाजीनं बशीतला च्या फुर्रकन वढला. मिशीवरनं हात फिरवला. त्येच्या डोळ्यात असं कायतरी चमकलं, की मला तवाच पळायला पायजे हुतं.

"हरंल त्येनं बाजाराच्या दिवशी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजत गाजत स्टँडपास्नं बाजाराच्या दुसऱ्या टोकापत्तोर जायाचं."

ओट्यावरची समदी हसाय लागली. नाथाजीनं नेम धरूनच मारला हुता. पलूसच्या पंचक्रोशीत लगनाचं व्हिडिओ शूटिंग करणारा मी, केरू व्हिडिओवाला. आतापत्तोर शे-दीडशे नवरदेव घोड्यावर चढवल्यात. "हसा की राव, मान वर करा, घोड्याकडं न्हाई, माज्याकडं बघा," असं म्हणून त्यांचा जीव खाल्लाय. पर सोता कवा घोड्यावर बसलो न्हाई. आमचं लगीन बुद्धविहारात, पांढऱ्या कपड्यात, वीस मिनिटात आटपलेलं. घोडा न्हाई, मुंडावळ्या न्हाईत. घोड्याची मला लय भ्या वाटती, ही गोष्ट फक्त माज्या बायकूला, मायाला, ठावं हुती. आन नाथाजीच्या तोंडाकडं बघून कळलं, की तिनं ती नळावर सांगून टाकलीया.

आता जाईमावशी कोण, ते सांगतो.

आमची आन तिची भिंत एक. वय पासष्टीच्या आसपास. एकटीच्या जिवावर तीस गुंठं ऊस करती, सोता पाणी पाजती. सापाला घाबरत न्हाई, बिबट्याला घाबरत न्हाई. पर तिची खरी कमाई म्हंजे तिच्या शिव्या. तसल्या शिव्या सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यात कुणाला येत न्हाईत. दर वेळंला नवीन, आन माणूस बघून मापानं शिवल्यागत. "केऱ्या, भर मंगलाष्टकात तुज्या लाइटचा बल्ब उडू दे!" ही माज्यासाठी. "नाथ्या, तुज्या पेन्शनीच्या कागदाला उंदीर लागू दे!" ही नाथाजीसाठी.

त्या शिव्या मिळवायला मी मेहनत बी तेवढीच करायचो. तिच्या भाच्याच्या लगनात ती लाडू खाताना मी तिला कॅमेऱ्यात धरली, आन कॅसेट तयार करताना तेवढा तुकडा उलटा चालवला. म्हंजे तोंडातनं अख्खा लाडू बाहीर येतोय, आन ताटात जाऊन बसतोय. असं सात लाडू. समद्या पावण्यांनी बघितलं. तिनं मला तीन म्हैने शिव्या दिल्या, आन त्या तीन म्हैन्यात एक बी शिवी दुसऱ्यांदा आली न्हाई.

अशी बाई सत्त्याण्णवच्या मार्चात गप झाली.

दाढ किडलेली. गाल सुजून पावागत झालेला. तीन आठवडं नुसती आंबील पिऊन ऱ्हायलेली, भाकरी न्हाई, शेंगदाणा न्हाई. अंग उतरलं. पलूसच्या डॉक्टरनं सांगितलं, आत पू झालाय, सांगलीला जाऊन दाढ काढून घ्या. खाली हाडात उतरला तर मिरजेला दवाखान्यात ठेवून, भूल देऊन जबडा फाडावा लागंल.

तरी मला वाटलं, म्हातारी सोंग करती. एक दिवस तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर मी माजा रबरी साप टाकला आन भिंतीआड दबा धरून बसलो. ती आली. सापाकडं बघितलं. उचलला. नीट वेटोळं केलं, माज्या भिंतीवर ठिवला, आन एक शब्द न बोलता घरात गेली.

त्या दिवशी मला पयल्यांदा भ्या वाटली. घरी यून मायाला म्हणलो, "म्हातारी जातीया बघ." माया म्हणली, "मंग नुसती चेष्टा काय करतूस? न्हे की तिला सांगलीला."

नेली. पयल्या खेपंला सुई बघितल्याबरुबर गळ्यात बांधलेल्या हिरव्या फडक्यासकट ती खुर्चीतनं उठली, जिना उतरली, आन मी तिला गाठली तवा ती स्टँडवर यष्टीच्या रांगंत उभी हुती. फडकं गळ्यात तसंच.

दुसऱ्या खेपंला चष्मा घातला.

हे चष्म्याचं परकरण असं. सांगलीच्या दाताच्या डॉक्टरीणबाई, मयूरीताई, त्यांचा भाऊ शौनक अमेरिकेत. त्येनं तिकडनं एक काळा चष्मा धाडलेला. डोळ्यावर चढवला की भाईरचं कायच दिसत न्हाई, डोळ्याफुडं नुसतं शिनेमागत चित्र, कानात आवाज. तिकडं म्हणं पेशंटला असला चष्मा लावत्यात, म्हंजे त्यो भिणार न्हाई. "याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात," मयूरीताई म्हणल्या. मी म्हणलो, "म्हंजे नसलेलं असल्यागत दाखवायचं. ताई, मी येवढी वर्सं त्येच करतोय, नवरीच्या मागं ताजमहाल लावून." त्यो अमेरिकेचा चष्मा आपल्या व्हीसीआरशी जुळंना, म्हणून त्यांनी मला बोलावलेलं. मी मुंबैवरनं एक डबी मागवून दोघांचं जुळवून दिलं, तवापास्नं आमची वळख.

चष्म्याबरुबर अमेरिकेची एक कॅसेट आलेली. समुद्र. निळं पाणी, रंगीत मासं, खाली खोल खोल. मावशीच्या डोळ्यावर चष्मा चढवला. दोन मिंटं ती दगडागत बसली. मंग एकदम दोन्ही हातानं चष्मा उपसला.

"बुडवतीस व्हय गं मला! पाय टेकाया जागा न्हाई कुटं!"

पुन्ना जिना, पुन्ना यष्टी.

तवा नाथाजीच्या ओट्यावर मी जे बोललो ते असं, की चष्मा बरुबर हाय, कॅसेट चुकीची हाय. भ्यालेल्या माणसाला समुद्र कशाला दावायचा? त्येला त्येच्या वळखीचं दावा. आन त्यावर नाथाजी म्हणला म्हातारी बोंबलणार, आन मी म्हणलो एकदा बी न्हाई, आन पैज लागली.

पैज लागल्यावर मी सरळ मावशीकडं गेलो. ती गालाला फडकं बांधून बसलेली.

"मावशी, तुजी पाण्याची पाळी कवा हाय?"

तिनं दोन बोटं दावली. परवा.

"मी धरतो दारं. तू पड."

तिनं माज्याकडं असं बघितलं, जसं मी म्हणलो की मी इमान चालवतो. ज्येनं कवा ऊस पाजला न्हाई त्येच्यासाठी सांगतो. रानात सऱ्या असत्यात, एकीशेजारी एक. पाटातनं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरत आली की खोऱ्यानं मातीचा बंद फोडून फुडल्या सरीत वळवायचं. ह्येला दारं मोडणं म्हणत्यात. लक्ष ठिवून न्हाई मोडलं, तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात. मावशीनं चाळीस वर्सं हेच केलं हुतं, आन चाळीस वर्सात तिचं पाणी कवा शेजाऱ्याच्या रानात गेलं न्हाई, ह्याचा तिला लय ताठा.

परवा दुपारी मी एका हातात खोरं आन खांद्यावर कॅमेरा घिऊन रानात. पयल्या धा-बारा सऱ्या नुसत्या पाजल्या. मंग एक सरी निवडली, कॅमेरा चालू केला, आन पाण्याच्या तोंडाफुडं उलट्या पावलानं चालाय लागलो. काय सांगू! पाणी असं फेस उडवत, वाळकं पाचट ढकलत, ढेकळं गिळत फुडं सरकतंय. मुंग्या पळत्यात. मागनं बगळं चालत्यात, पावण्यागत पाय उचलून. एक सरी भरली, कॅमेरा खांद्यावर ठिवूनच दारं मोडलं, फुडली सरी. शेवटच्या सरीला ऊन तिरकं झालं, उसाच्या पानातनं पाण्यावर पडलं, आन समदं पाणी पितळंच्या परातीगत चमकाय लागलं. असला शॉट मला आयुष्यात कुण्या नवरीनं दिला न्हाई. मी बघतच ऱ्हायलो. सरी कवा भरली, बांध कवा फुटला, ध्यानातच आलं न्हाई. पाय भिजलं तवा बघितलं, तर पाणी खळखळत शेजारच्या मानसिंगाच्या रानात, त्येच्या वाळत टाकलेल्या कडब्यातनं चाललेलं.

पळत जाऊन बुजवलं. इकडं तिकडं बघितलं, कुणी न्हवतं. बांधावर माती लिपून, वर पाचट पसरून, शीळ घालत घरी आलो.

संध्याकाळी मानसिंग गल्लीत उभा ऱ्हाऊन वरडत हुता, "कुणी भिजवला माजा कडबा?" मी त्येच्या शेजारी उभा ऱ्हायलो आन म्हणलो, "काय माणसं असत्यात बघ मानसिंग! लाज कशी वाटत न्हाई?" मावशीनं दारातनं हातानंच सांगितलं, माजं पाणी न्हवं. चाळीस वर्सात गेलं न्हाई. मानसिंगाला बी ते पटलं.

आता कॅसेटचा त्यो शेवटचा तुकडा कापून टाकायला काय झालं हुतं? सवय, दुसरं काय. लगनाच्या कॅसेटीत मी कवा काय कापत न्हाई, कारण ज्येचं तोंड कापलं त्यो भांडायला येतो. आन हिशेब असा, की मयूरीताई म्हणल्या हुत्या, इंजेक्शन, पाच मिंटं बधिर व्हायला, पाच मिंटात दाढ. बांध फुटत हुता बाविसाव्या मिंटाला. तवर म्हातारी यष्टीत असंल.

मावशीला म्हणलो, "तुज्या उसाची शूटिंग केलीया. बघायची तर सांगलीला चल, आपल्या टीव्हीवर चालत न्हाई." ही थाप. पर ती फडकं आवळून उठली. तिसऱ्या खेपंला नाथाजी बी संगं, साक्षीदार म्हणून, मिलिटरीचा कोट घालून.

खुर्चीत बसवली. चष्मा चढवला. खोलीतल्या बारक्या टीव्हीवर आमाला बी तेच चित्र दिसत हुतं. मी व्हीसीआरचं बटण दाबलं.

पाटातनं पाणी सरीत शिरलं. मावशीचं खांदं सैल झालं.

"आगं बया," ती हळूच म्हणली, "माजंच रान की." मंग जरा दम खाऊन, "केऱ्या, डाव्या अंगाला उंदराचं बीळ हाय. बुजिव ते."

"बुजवतो मावशी."

"आता बुजवतोय म्हणं. पाणी गेलं की खाली."

मयूरीताईंनी मला डोळ्यानं खूण केली आन सुई आत घातली. मी नाथाजीकडं बघितलं, नाथाजी मावशीकडं. मावशीनं गालाशी नुसता हात हलवला, चिलट हाकलल्यागत, आन पुन्ना पाण्यात गेली. तिचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर हळूहळू खोरं वढत हुता. पायाची बोटं वळत हुती, चिखलात उभी असल्यागत.

नाथाजीच्या कपाळाला घाम आला. मी त्येच्या कानात म्हणलो, "घोडा पांढरा घिऊ का तांबडा?"

धा मिंटं झाली. गाल बधिर झाला. ताईंनी पक्कड घातली. वढली. दाढ हललीच न्हाई.

"मुळं वाकडी आहेत," ताई म्हणल्या. "वेळ लागेल. कॅसेट चालू ठेवा."

पंधरा मिंटं. अठरा. आता घाम मला फुटला. टीव्हीवर ऊन तिरकं झालं हुतं. शेवटची सरी.

"ताई, अजून किती?"

"बोलू नका. आता हलायला लागलीय."

वीस मिंटं. माजं बोट बटणावर. बंद केलं तर माजा कडब्याचा गुन्हा झाकला जात हुता, पैज बी वाचत हुती. पर बंद केलं की चष्म्यात अंधार, आन अंधारात तिला कळणार की तोंडात पक्कड हाय. तिसऱ्यांदा जिना उतरली तर चौथ्यांदा ती येणार न्हाई, मिरजेलाच जाणार. बोट बटणावरनं काढलं आन हात मागं बांधून उभा ऱ्हायलो.

एकवीस. पाणी परातीगत चमकलं. मावशीचा हात दांड्यावर थांबला. सरी भरली हुती, आन चित्रातला माणूस दारं मोडत न्हवता. तिची मान फुडं यायला लागली. घशातनं "अं... अं..." असा आवाज.

बाविसावं मिंट. बांध फुटला.

"आरं मोड की दारं, मुडद्या! मानसिंगाच्या रानात चाललं की पाणी!"

गाल बधिर, तोंडात कापूस, पक्कड, ताईंची दोन बोटं, तरी ह्यो आवाज असा निघाला की भाईर बाकड्यावर बसलेला एक पेशंट उठून घरी गेला. मावशी खोरं घ्यायला ताडकन उभी ऱ्हायली. ताईंचा हात पक्कड धरून जाग्यावरच ऱ्हायला, आन पकडीत दाढ. तीन वाकडी मुळं, समदी शाबूत.

नाथाजीनं कपाळाचा घाम पुसला.

"वरडली," नाथाजी म्हणला.

"दाताला न्हाई वरडली, पाण्याला वरडली!"

"एक आवाज जरी निघाला तरी, असं ठरलं हुतं."

"आरं, दाढेवर पैज हुती का उसावर?"

मावशीनं चष्मा काढला. पकडीतल्या दाढंकडं बघितलं, मंग टीव्हीकडं, जिथं अजून मानसिंगाचा कडबा भिजत हुता, आन मंग माज्याकडं. तोंड उघडणार तवर ताईंनी कापसाचा बोळा दाबला. "एक तास घट्ट धरून ठेवायचा. अजिबात बोलायचं नाही."

निघताना ताई मला हळूच म्हणल्या, "मला ही कॅसेट लागेल हो. पण शेवट कापून."

सांगलीपास्नं पलूसपत्तोर यष्टीत मी आन नाथाजी भांडत हुतो. कंडक्टर बी पडला त्यात. मावशी खिडकीला बसून, दात आवळून, डोळं माज्यावर लावून. तासभर. असला तास मी कवा काढला न्हाई.

पलूसच्या स्टँडवर उतरलो. तिनं बोळा काढून टाकला. कमरंवर हात ठिवलं.

"नाथ्या, मी कशाला वरडले?"

"पाण्याला, आक्का. पर वरडलीस."

"दाढ उपटली ती मला कळली सुदिक न्हाई. म्हंजे पैज केऱ्यानं जितली."

मी नाथाजीच्या पाठीत थाप मारली.

"थांब!" मावशी म्हणली. "आन चाळीस वर्सात माजं पाणी कवा बांधाभाईर गेलं न्हवतं, ते कुणी घालवलं? मी दारात उभी ऱ्हाऊन मानसिंगाला सांगितलं, माजं न्हवं. मला खोटी कुणी पाडली? पाणी फुटलंय आन ह्यो उभा ऱ्हाऊन त्येचा फोटू काढतोय! केऱ्या, पैज तू जितलास. घोड्यावर तूच बसणार."

"आवं मावशी, ह्यो कुठला न्याय?"

"माज्या रानातला!"

नाथाजीनं टाच जुळवून तिला कडक सॅलूट ठोकला.

बाजाराच्या दिवशी घोडा आला. पांढरा. लगाम धरायला मानसिंग सोताहून आलेला. "कडब्याचं फिटलं," म्हणला, "पर लगाम मीच धरणार." मायानं मुंडावळ्या बांधल्या. बांधताना हसत हुती, पर गाठ नीट मारत हुती. "आपल्या लगनात बघायचं ऱ्हायलं हुतं," म्हणली. "मान वर कर. घोड्याकडं न्हाई, माज्याकडं बघ."

चौघांनी ढकलून मला वर चढवला. हलगी वाजली, सनई वाजली, घोडा हलला आन मी दोन्ही हातानं त्येची आयाळ धरली. वांगीवाल्या, मिरचीवाल्या, समदा बाजार कडंला उभा. ज्येंच्या ज्येंच्या लगनात मी जीव खाल्ला हुता, ते समदं नवरदेव कुटनं जमलं कुणास ठाऊक. "हसा की राव!" म्हणून वरडत हुते. नाथाजी फुडं उलट्या पावलानं चालत शूटिंग करत हुता, माज्याच कॅमेऱ्यानं.

बाजाराच्या मधोमध, शेंगावालीच्या पाटीशेजारी, जाईमावशी उभी हुती. गाल उतरलेला. वटीत भाजलेल्या शेंगा. दुसऱ्या अंगानं, उजव्या दाढंनं, कराकरा चावत हुती. मी फुडं आलो तशी तिनं टरफलं टाकली, दम घेतला, आन सुरू झाली.

"आला बघा पाणीचोर नवरदेव! केऱ्या, तुज्या व्हीसीआरात पाल पिलं घालू दे! तुजी कॅसेट भर पंगतीत गुतू दे! तुज्या घोड्याला तरी दारं मोडता येतं का रं, का त्यो बी नुसता बघत उभा ऱ्हातो?"

अख्खा बाजार हसत हुता. तीन आठवड्याचं समदं साठलेलं ती एका दमात काढत हुती, आन एक बी जुनी न्हवती.

घोड्याच्या मानंला मिठी मारून मी नाथाजीकडं बघितलं, तर कॅमेऱ्याच्या काचंवरचं टोपण तसंच. काढायचं इसरला हुता. म्हंजे चित्र कायच येणार न्हवतं. आवाज तेवढा येणार हुता.

टोपण तसंच ऱ्हाऊ दिलं.

"बंद करू नगंस गड्या," वरनं वरडलो. "म्हातारीचं व्हईस्तवर चालू ठिव!"